झुंबरची गाडी आन् आबांचं तेल

…न्हाय गं योगिनी, तसं लिवू नगंस. झुंबरची गाडी लाल न्हवती. पांढरी हुती, आन् पांढरी बी कसली, चहात दूध जादा पडल्यावर जसा रंग येतू तसली. लाल हुत्या त्या चकत्या, आन् त्या बी गाडी उभी आसंल तवर तेवढ्याच. त्या लाल दिसल्या म्हणूनच समदं घडलं. पण ते म्होरं येतंय. आदी झुंबर कोण ते लिव, न्हायतर वाचणाऱ्याला वाटंल ह्यो कुणी शर्यतीतला गडी हुता, डोळ्याला काळा चष्मा लावणारा. तसलं काय न्हवतं.

सणसरच्या शिवारात कालव्याच्या अलीकडं आमची वस्ती, आन् वस्तीच्या टोकाला झुंबरचं घर. गडी उंच, खांद्यातनं वाकलेला, डोळ्याखाली कायम काळं. हाताच्या रेघांत ऑईल असं मुरलेलं की लग्नात हळद लावताना बायका म्हणल्या हुत्या, ह्येला हळद न्हाय, आदी रॉकेल लावा. बोलायला लई कमी. त्येच्या वाटणीचं त्येची बायकू सरुबाई बोलायची. ती माझ्याकडं दळण निवडायला यायची आन् सूप हातात घेतलं की तिचं तोंड सुरू. झुंबरचं जे काय मला ठावं हाय ते समदं त्या सुपाच्या आवाजात ऐकलेलं.

लगीन झालं तवा झुंबर वालचंदनगरला गॅरेजात हुता. तितं एका सायबाचा पोरगा हुता, त्येला गाड्या पळवायचा नाद. त्येची एक फियाट हुती, त्येनं ती कुठं कुठं शर्यतीत घातलेली. त्या गाडीच्या इंजिनाला एकाच्या जागी दोन कारबुरेटर बशिवलेलं, म्हंजे बग, एका तोंडानं जेवायचं ते दोन तोंडांनी जेवायची. आवाज असा की कोंबड्या वळचणीला जायच्या. ती गाडी झुंबरच्या हातातली. पोरगा नुसता चालवायचा, तिला ताप आला, खोकला आला तर झुंबरनंच बगायचं. मग त्यो पोरगा परदेशी गेला, आन् जाताना गाडी झुंबरला देऊन गेला. म्हणला म्हणं, दुसऱ्या कुणाला ही ऐकायची न्हाय.

आता असली गाडी धनगराच्या दारात. करायचं काय तिचं? लग्नाच्या वरातीला न्यावी तर नवरी भेदरंल. म्हणून झुंबरनं पेपरची लाईन घेतली. पुण्यास्नं पेपर बारामतीपतूर टेंपोनं यायचं, तितनं म्होरं भवानीनगर, सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला गठ्ठं टाकायचं. टेंपोला उशीर झाला तरी इंदापूरच्या स्टॅंडावर पयली यष्टी हलायच्या आत पेपर पायजे, न्हायतर ते विकत न्हाय. त्येला अशीच पळणारी गाडी लागायची. कोंबडा आरवायच्या आदी गडी उठायचा आन् दुपारी माशा घोंगावताना निजायचा. ती काय झोप म्हणायची? वरसानुवरसं तसंच. सरुबाई म्हणायची, माझा नवरा जागा असतू तवा पेंगतू आन् निजतू तवा गाडी चालवतू. पाय हलत्यात त्येचं झोपंत.

घरात तिसरं माणूस म्हंजे झुंबरचा बाप, तात्याबा. वस्तीवर समदी त्यास्नी आबा म्हणायची. आबांनी सारा जलम मेंढरामागं काढला. दिवाळी झाली की मेंढरं घिऊन कोकणात उतरायचं, पावसाच्या तोंडाला माघारी. पण हितं कालव्याचं पाणी फिरलं, माळ हुता तितं ऊस आला, आन् ऊसवाला बांधावर बी मेंढरू उभं करू दिना. आबांचं गुडघं बी गेलं हुतं. मग वाडा, म्हंजे मेंढरांचा कळप, मोडला. शेवटची मेंढी गेली तवा आबा जेवलं न्हाईत. एक घोंगडं, एक काठी आन् लोकर कातरायची कातर, एवढं ऱ्हायलं. ती कातर आबा दरसाली खंडेनवमीला काढायचं. लिंबाखाली घोंगड्यावर ठिवायची, करडईच्या तेलाचा हात वरनं खालपतूर फिरवायचा, भंडारा टाकायचा, परत फडक्यात. कातरायला एक मेंढरू न्हाय घरात, पण कातरीला गंज म्हणून न्हाय. तिच्यात तोंड दिसावं.

बाप-लेकाचं बरं हुतं तवर. आबा गाडीला आमची बुंगाट म्हणायचं. भवानीनगरच्या बाजाराला म्होरल्या शिटावर बसून जायचं, पटका काखंत धरून, कारण वाऱ्यानं उडायचा.

मग त्यो दिवस आला. ऊसतोडीचं दिवस हुतं, धुकं पडलेलं. टेंपो उशिरा आला, झुंबर लासुर्ण्याच्या अंगानं गाडी दामटत निघालेला. रस्त्यात उसाच्या बैलगाड्या. एकीच्या मागं ब्रेक दाब, तिला काढ, दुसरीच्या मागं परत दाब. आता त्या गाडीचं ब्रेक जुन्या तऱ्हेचं हुतं, चाकाच्या आत डबा आन् डब्यात पट्टं. बंद डब्यात घासून घासून गरम झालं की ते धरायचं सोडून द्यायचं. लई दळण दळलं की जात्याची पाळ तापती का न्हाय, तसं. इंजिन शर्यतीचं आन् ब्रेक म्हाताऱ्या माणसाचं, असला मेळ. धुक्यातनं एकाएकी मेंढरं दिसली. रस्ता भरून, पांढरी पांढरी. झुंबरनं पाय दाबला तर पाय सरळ खाली गेला. परत दाबला, परत खाली. गाडी मेंढरात शिरली.

मेंढरं भीमाची हुती. भीमा म्हंजे आबांच्या बहिणीचा ल्योक. काय मेंढरं तितंच गेली, त्यात एक गाभण. निरोप आला तसं आबा कुणाच्या तरी सायकलीवर बसून गेलं. त्यांनी त्या गाभण मेंढीच्या पोटावर हात ठिवला, आन् लई येळ तसाच ठिवला. मग उठून झुंबरकडं बगितलं.

"थांबत न्हाय तर चालवतूस कशाला?"

एवढंच. त्येच्यानंतर आबा झुंबरसंगं बोललं न्हाईत. भीमाला मेंढरामागं मेंढरू दिलं, भीमा बी म्हणला, मामा, झालं गेलं, गडी काय मुद्दाम करतू व्हय. पण आबांचं तोंड उघडलं न्हाय. काय सांगायचंच झालं तर सरुबाईच्या तोंडानं. पोराच्या म्होरं उभं ऱ्हाऊन म्हणायचं, सरू, त्येला सांग पाण्याची मोटार बंद झाली. आन् झुंबर बी सरुबाईला म्हणायचा, आबांस्नी म्हण बगतू. दोगांच्या मधी हात लांब केला तर लागंल एवढं अंतर. सरुबाई मला म्हणायची, मावशी, मी ह्या घरात सून हाय का पोस्टमन हाय? हसायची, पण दमली हुती ती. आबा गाडीच्या सावलीला सुदिक जायचं न्हाईत. उन्हात वळसा घालून पलीकडनं जायचं.

झुंबर मग सावकाश चालवायला लागला. भ्याला हुता. पांढरं काय दिसलं, खताचं पोतं का असंना, पाय ब्रेकावर जायचा. पेपर उशिरा पोचायला लागलं. इंदापूरच्या स्टॉलवाला म्हणायचा, "झुंबरराव, कालचं आणलं का उद्याचं?" चार माणसं हसायची. झुंबर गठ्ठं टाकून माघारी फिरायचा. लाईन जाणार ह्ये त्येला दिसत हुतं. पण लाईनीपरीस त्येला दुसरंच खात हुतं. आबांनी जे इचारलं हुतं ते. थांबत न्हाय तर चालवतूस कशाला. इचार करून करून त्येनं ठरवलं की बोलून काय हुणार न्हाय, गाडी थांबवून दावायची.

आता नवं सामान घ्यायची ऐपत कुठली. त्यो पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडायला लागला. पेपर टाकून यायचं, दोन घास खायचं, यष्टीत बसून पुण्याला जायचं, यष्टीतच काय निजायचं ते निजायचं. एक दिवस त्येला एक ठोकलेली गाडी गावली. ह्याच जातीची पण नव्या पिढीतली, धाकली बहीण म्हण. मागनं चेपलेली, पण म्होरलं अंग धड. तिच्या म्होरल्या चाकांना डबं न्हवतं. तितं चकती असती, भाकरीएवढी, जाड लोखंडाची, चाकासंगं फिरणारी, आन् तिला दोन्ही अंगांनी चिमटा धरतू. समदं उघड्यावर. वारा लागतू म्हणून तापलं तरी लगेच गार हुतं. झुंबरनं त्या चकत्या, ते चिमटं, ब्रेकाचा पंप आन् म्होरल्या चाकांच्या रिंगा, समदं भंगाराच्या भावात सोडवून आणलं. पोत्यात घालून आणलं तवा सरुबाईला वाटलं कोहळं आणलं सांडगं घालायला.

पण एका गाडीचं दुसरीला लगेच बसतंय व्हय? लोकाचं जोडं पायात घालावं तसं. चिमटा बसायला जागाच न्हाय. मग लासुर्ण्याचा रावजी, लेथवाला, त्येच्याकडं झुंबरनं खेपा घातल्या. रावजी मोठा टिवल्याबावल्या करणारा माणूस, पण हात चोख. भंगारातली जाड प्लेट कापून त्येनं मधला तुकडा करून दिला. त्यो बशिवला तर चकती चिमट्याच्या एका अंगाला घासायला लागली. परत काढला, परत लेथवर. दुसरा तुकडा बसला तर जुनी रिंग चिमट्याला अडायला लागली, म्हणून मग नव्या गाडीच्या रिंगा घातल्या. रिंगा बसल्या तर पायाचा ब्रेक निम्म्यापतूर पोकळ. का, तर जुना पंप बारका, नव्या चिमट्याला त्येचं तेल पुरंना. मग पंप बी बदलला. रावजी म्हणला, "झुंबर, तू गाडीला ब्रेक बशिवतूयस का ब्रेकाला गाडी?" झुंबर हसला म्हणं त्या दिवशी. सरुबाईनं मला ते मुद्दाम येऊन सांगिटलं, का तर गडी लई दिसांनी हसला हुता.

ह्ये समदं दारात चाललेलं. आन् आबा लिंबाखाली, गाडीकडं पाठ करून. पण सरुबाई म्हणायची, आबांची बाज रोज उलशी उलशी फिरती. पयल्यांदा नुसती पाठ हुती, मग खांदा दिसाया लागला, मग कान. झुंबर गाडीखाली पडलेला, डोळं मिटाय लागलेलं, पाना हातातनं गळायचा, आन् आबा तिरक्या नजरंनं बगायचं.

काम पुरं झालं ते नेमकं खंडेनवमीच्या दिवशी. झुंबरनं दुपारी गाडी कालव्याच्या कडंच्या रस्त्यानं पळवली, सरुबाईला संगं घिऊन, आन् एका जागी पाय दाबला. गाडी जमिनीत खुटी मारल्यागत थांबली. सरुबाईच्या मांडीवरला डबा म्होरं जाऊन फुटला. त्येनं माघारी फिरून परत केलं, परत थांबली. घासून गरम करून परत दाबला, तरी थांबली. सरुबाई म्हणली, आता पुरं, माझं दात पडत्याल.

मग पूजा. तुला ठावं हाय, आपल्यात खंडेनवमीला हत्यारं पुजत्यात. पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपतूर हत्यार हलवायचं न्हाय. झुंबरला वाटलं, ज्येच्यासाठी वरीसभर मर मर मेलो त्या चकत्या पूजंला दिसाव्यात. त्येनं म्होरली दोनी चाकं काढली, गाडी लाकडाच्या ओंडक्यावर टेकवली, समदी गाडी पाण्यानं धुतली, चकत्या बी धुतल्या. पानं, पक्कड, हातोडी घोंगड्यावर मांडली. सरुबाईनं झेंडूचं हार घातलं, भंडारा उधळला. दुसऱ्या अंगाला लिंबाखाली आबांनी आपली कातर मांडली. एकाच अंगणात दोन घोंगडी, दोन पूजा, आन् मधून शेळी हिंडतीया. मग झुंबर जेवला आन् दिवस मावळायच्या आदीच आडवा झाला, कारण पहाटं परत पेपर.

दसऱ्याच्या पहाटं उठून त्येनं चाकं चढवली. कंदिलाच्या उजेडात चकत्या पिवळ्या दिसल्या, त्येला वाटलं सरुबाईचा भंडारा. वल्या वाटल्या, त्येला वाटलं दव. झोपच पुरी झाली न्हवती, काय बगणार. नट आवळलं आन् बारामतीच्या रस्त्याला लागला.

आज पयल्यांदा जीव मोकळा हुता त्येचा. वरसानं लाईनीवर गाडी पळवली. कालव्याच्या पुलाला वळण हाय, ते आलं तसा पाय दाबला. पाय घट्ट लागला, पण गाडी थांबंना. म्होरली चाकं तेलातल्या पुरीगत नुसती घरंगळत चालली. त्येनं गेर खाली टाकला, हातातला ब्रेक वढला, गाडी मागनं हेलपाटली आन् पुलाच्या अलीकडं मातीच्या बांधाला नाक लावून बाभळीत घुसली. म्होरं कुणी न्हवतं. नुसता कालवा हुता.

झुंबर स्टेरिंगवर डोकं ठिवून बसला. त्येला रडू बी येईना. सरुबाईला त्यो नंतर म्हणला, मला वाटलं ह्या जलमात माझी गाडी कवा थांबायची न्हाय, आन् आबा कवा बोलायचं न्हाईत. मागलं ब्रेक तेवढं चालू हुतं, म्हणून त्येनं गाडी बाभळीतनं काढली, आन् बैलगाडीच्या चालीनं बारामती, बारामतीस्नं इंदापूर केलं. स्टॉलवाला काय म्हणला ते त्येला ऐकू बी आलं न्हाय. सणाचा दिवस, लोकं आपट्याची पानं वाटत्यात, आन् ह्यो मातीनं भरलेली गाडी घिऊन ऊन चढल्यावर दारात आला. गाडी मोडीत काढायची, एवढंच डोक्यात.

तरी हाताला सवय. चाक काढलं. चिमटा खोलला, चकतीला दाबणारी आतली पॅडं बगितली. काळी चकाकत हुती, तूप लावल्यागत. नाकाला लावली. तळणाचा वास आला. सणाच्या घरात तळणाचा वास तर येणारच, पण ह्यो पॅडाचा वास. परत हुंगलं. करडईचं तेल.

त्येनं सरुबाईला हाक मारली, हळू आवाजात. तू तेल लावलंस? ती म्हणली, मी कशाला लावू, मी हार घातलं, भंडारा टाकला, त्येच्याम्होरं मला काय कळतंय त्यातलं. मग दोगांनी लिंबाकडं बगितलं. आबा बाजंवर बसून पान जुळवत हुतं. बोटं पिवळी, नखात भंडारा, आन् बाजंच्या पायाशी तेलाची बाटली निम्मी झालेली. एका कातरीला एवढं तेल लागत न्हाय.

आता बग, काय झालं हुतं. चकत्या धुतल्या हुत्या, ते लोखंड उघडं, पाणी वाळलं तसा दिवस मावळताना त्येच्यावर लाल गंज चढला. चढतूच. ब्रेक दाबला की पुसून जातू, त्येचं काय नसतं. पण आबांस्नी काय ठावं? त्यांनी आपली कातर पुसता पुसता गाडीकडं बगितलं आसंल. पोरानं वरीसभर पाठ मोडून बशिवलेलं लोखंड, आन् पयल्याच रातीला गंज. पोरगं निजलेलं. म्हाताऱ्यानं बाटली उचलली, आन् ज्या गाडीच्या सावलीला जात न्हवता त्या गाडीम्होरं मांडी घातली, दुखऱ्या गुडघ्यानं, आन् दोनी चकत्यांना तेल चोळलं, मायेनं, कातरीला चोळतू तसं. वरनं भंडारा लावला. मेंढरं राखणाऱ्याच्या घरात लोखंड असंच जपत्यात. पण ब्रेकाच्या चकतीला तेल म्हंजे हातच सोडून दिला की.

झुंबर ते पॅड हातात धरून बसला. राग यायला पायजे हुता, जीव गेला असता त्येचा. सरुबाई त्येच्या तोंडाकडं बगत ऱ्हायली, तिला वाटलं आता ह्यो उठून काय तरी बोलणार आन् घर परत वरीसभर मुकं हुणार. पण त्येच्या डोळ्याला पाणी आलं. त्यो म्हणला, "सरू, आबांनी गाडीला हात लावला."

मग पेच असा की सांगायचं कसं? न सांगावं तर दव रोज पडतंय, चकत्या रोज लाल हुत्यात, आबा परत तेल लावत्याल. सांगावं की तुमच्या तेलानं मी कालव्यात जात हुतो, तर म्हातारा पुन्यांदा ह्या गाडीला शिवायचा न्हाय, आन् आपल्याला बी न्हाय. झुंबर कामाला लागला. चकत्या पेट्रोलनं धुवून काढल्या. पॅडं चुलीच्या इंगळावर ठिवली, धूर निगायचा थांबंपतूर, मग दगडावर घासली. नवी येईपतूर भागलं असतं. मग त्यो गाडीच्या मागल्या अंगाला गेला, खाली शिरला. मागं लोखंडाच्या पाट्या असत्यात एकावर एक, गाडीचं वजन तोलायला. त्यास्नी तेल लागतंच, न्हायतर कुरकुरत्यात. खालनंच त्यो बोलला, सरुबाईला न्हाय, कुणालाच न्हाय, पण लिंबापतूर जाईल एवढ्या आवाजात, की पाट्या लई वाळल्यात, तेल घालायला पायजे, माझ्या हातात जीव ऱ्हायला न्हाय.

ऱ्हायला न्हवताच. ते काय सोंग न्हवतं.

मग बाज वाजली. काठीचा आवाज आला. आबा गाडीपाशी आलं, वाकलं, कण्हलं, आन् खाली बाटली सरकवली. झुंबरनं हात म्होरं केला न्हाय. म्हणला,

"तुमीच लावा, आबा. मला न्हाय जमत तुमच्यागत."

आबा मांडी घालून बसलं. पाटी पाटीच्या फटीत बोटानं तेल सोडायला लागलं. झुंबर आडवाच पडून ऱ्हायला. थोड्या येळानं आबा म्हणलं, वरीसभरानं पयलं बोलणं ते, पण असं म्हणलं जसं कालच बोललं हुतं,

"म्होरल्या चकत्यांला बी परत पायजे. लाल हुत्यात."

"त्यास्नी नगं. त्यास्नी कोरडंच लागतंय."

"गंजतंय की."

"गंजू द्या. चाक फिरलं की जातंय."

आबांचा हात थांबला. त्यांनी म्होरं बगितलं. गाडीच्या नाकाला माती हुती, जाळीत बाभळीचं काटं अडकलेलं. म्हाताऱ्याची नजर पयल्यापास्नं मेंढरावरची, त्यांना काय दिसत न्हवतं असं न्हाय.

"लावलं तर काय हुतंय?"

झुंबरनं पाटीवरली माती बोटानं काढली. "काय न्हाय," म्हणला. "जरा सरकती."

आबांनी पाट्या पुऱ्या केल्या, बाटलीचं बूच लावलं, हात पटक्याला पुसलं आन् परत बाजंवर गेलं. त्या दिवशी जेवलं बी कमी.

दुसऱ्या दिवशी पेपर नसतू, दसऱ्याची सुट्टी असती. झुंबर सारा दिवस निजला, पाय न हलवता, असं सरुबाई म्हणली. त्येच्याम्होरल्या पहाटं त्यो दार उघडून बगतू तर आबा म्होरल्या शिटावर बसलेलं. घोंगडं अंगावर, काठी मांडीत, पटका काखंत. कुणी बोलवलं न्हवतं. बसायच्या आदी त्यांनी दोनी चकत्यांवर बोट फिरवून बगितलं हुतं, बोटाला गंज लागलेला, तेल न्हवतं. "येतू मी," एवढं म्हणलं.

बारामतीला गठ्ठं भरलं, माघारी भवानीनगर, सणसर झालं, तांबडं फुटलं. लासुर्ण्याच्या अलीकडं, जितं ते घडलं हुतं त्येच्यापास्नं थोडक्यातच, रस्ता पांढरा दिसला. दिवाळीच्या आदीच कुणाचा तरी वाडा निगाला हुता. भीमाचा न्हवता, दुसऱ्याच कुणाचा, फलटणकडला. घोडं, कुत्री, मागं मेंढरं, रस्ता भरून. झुंबरनं दोनी हातांनी स्टेरिंग धरलं. आबांनी त्येच्याकडं बगितलं न्हाय, म्होरंच बगत ऱ्हायलं, काठी मातर घट्ट धरली. झुंबरनं पाय दाबला.

गाडी जागच्या जागी बसली. शेवटच्या मेंढीनं मान वळवून बगितलं आन् परत चालायला लागली.

"थांबली," आबा म्हणलं.

मग त्यांनी दार उघडलं आन् खाली उतरलं. झुंबरला वाटलं, आता काय? आबा लंगडत मेंढरात शिरलं, काठी आडवी धरली, तोंडानं त्यो आवाज काढला, जो वरसानुवरसं काढला न्हवता, आन् मेंढरं एका अंगाला घ्यायला लागलं. वाड्याचा म्हातारा म्होरनं हसला, ओळख ना पाळख, तंबाखू काढून दिली. आबा त्येच्यासंगं बोलत बोलत चालायलाच लागलं. गाडीला वाट मोकळी झाली तरी आबा काय माघारी येईनात. झुंबरनं हॉर्न दिला न्हाय. शर्यतीची गाडी पयल्या गेरात घातली आन् मेंढराच्या मागनं, मेंढराच्या चालीनं लासुर्ण्यापतूर नेली. इंजिन गुरगुरतंय, पेपर उशीर हुतूय, डोळं मिटत्यात. फाट्यावर आबा येऊन बसलं, अंगाला मेंढराचा वास. म्हणलं, आता सोड. इंदापूरला त्या दिवशी उशीर तो उशीरच झाला. स्टॉलवाल्यानं इचारलं, झुंबर म्हणला, मेंढरं हुती. त्येच्या मागं गाडीत आबा बसलेलं बगून स्टॉलवाला गप बसला.

त्येच्याम्होरं दोन-तीन हिवाळं आबा रोज पहाटं त्या शिटावर असायचं. पेंगायचं, पण असायचं. झुंबर म्हणायचा, आबा बाजूला असलं की मला झोप येत न्हाय. मग आबा गेलं. पाठोपाठ लाईन बी एका टेंपोवाल्याला गेली. झुंबर आता घरीच असतू, पाठीचं दुखणं हाय, गाडी पत्र्याच्या शेडात उभी. बोलतू पयल्यापरीस बी कमी. सरुबाई येती अधनंमधनं, सूप हातात घेती, पण तिचं बी बोलणं आता लवकर सरतं.

तर आता शेवटचं लिव, योगिनी, आन् नीट लिव. झुंबर-सरुबाईचा पोरगा विशाल, तवा झाला बी न्हवता, आता लोणी देवकरला कंपनीत लागलाय. त्यो घरी येतू खंडेनवमीपुरता, आन् हौसेनं गाडी धुतू, पूजा करतू. झुंबर त्येला ह्यातलं काय सांगायचा न्हाय, आबांवर बोल येईल म्हणून. तवा ज्येच्या हातात ह्यो कागद पडंल, आन् जो कुणी लोणी देवकरच्या अंगाला जात आसंल, त्येनं तेवढा निरोप पोचवा. म्हणावं, विशाल, चकत्या लाल दिसल्या तरी त्यास्नी तेल लावू नगंस, लाल राहू दे. तेल मागल्या पाट्यास्नी लाव. आन् तुझ्या आज्याची कातर सरुबाईच्या पेटीत फडक्यात हाय, तिला मातर लावल्याबिगर जाऊ नगंस म्हणावं.